आजचा दोरा

दर सोमवारी सकाळी मी स्टुलावर चढायचे आणि भिंतीवरचा लाल दोरा एक चौकोन उजवीकडे सरकवायचे. सातपूरच्या एका कारखान्यातल्या माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात सोपं काम होतं. तेच करायला मला एके दिवशी बंदी झाली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कारखान्याच्या स्टोअरचा हिशेब कॉम्प्युटरवर आणायचा होता. कुठलं बेअरिंग किती शिल्लक, कोणत्या खात्यानं काय नेलं, हे तोवर जाड कार्डांवर लिहीत. या कामाची योजना मी आखली होती. प्लायवूडवर आलेखाचा कागद डकवून त्यावर आडवे महिने मांडले, एकाखाली एक कामं लिहिली आणि प्रत्येक कामापुढे रंगीत कागदाची पट्टी चिकटवली. वरच्या तारेवरून एक लाल दोरा सोडला, खाली वजनाला पितळी नट बांधला. दोरा म्हणजे आजचा दिवस. दोऱ्याच्या डावीकडचं काम झालेलं असायला हवं, झालं नसेल तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. चार्टचा उपयोग एवढाच, आणि म्हणूनच तो साहेबलोकांच्या डोळ्यांत खुपतो.

गुढीपाडव्याला सुरुवात, दसऱ्याला शेवट. शेवटची पिवळी पट्टी सगळ्यात लांब होती. त्या काळात कार्डं आणि कॉम्प्युटर दोन्ही सोबत चालवायचे, दोन्हीकडचे आकडे जुळले की मगच कार्डं बंद करायची. मी टेम्पररी होते. आमच्या विभागाचे साहेब म्हणाले होते, "प्रोजेक्ट संपला की तू पर्मनंट." या एका वाक्यावर आमचं घर उभं राहायचं होतं. बाबा नाशिक रोडला सरकारी प्रेसमध्ये, वर्षअखेर रिटायर होणार, मग क्वार्टर सोडायचं. जेल रोडला सोसायटीत नाव नोंदवलं होतं, पण कर्ज मिळणार ते माझ्या पर्मनंट नोकरीवर. बुद्धाची तसबीर तिथल्या कुठल्या भिंतीला लावायची हे आईनं ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

कॉम्प्युटरचं मशीन जूनअखेर यायचं होतं, ते आलं नाही. पुढच्या सोमवारी मी स्टुलावर चढले तर साहेब म्हणाले, "राहू दे. मशीन येईपर्यंत दोरा हलवायचा नाही."

"पण साहेब, दिवस तर पुढे गेले."

"मशीन नाही तर काम नाही. काम नाही तर वेळ कसला गेला?"

अकलेचे असे तारे त्यांनी भर ऑफिसात तोडले आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. उशीर मशीन पुरवणाऱ्यांनी केला होता, तो लपवायचा होता साहेबांना, आणि थांबायचं मात्र दोऱ्यानं. मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्टूलच उचलून नेलं.

घरी दुसरा कारभार. संध्याकाळी मी सीबीएसच्या स्टँडवर बस बदलून दमून घरी पोचले की बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ जात आणि त्या तारखेवर पेन्सिलीनं फुली मारत. पोरीचा एक दिवस भरला, असं म्हणत. ऑफिसात आषाढ संपता संपत नव्हता आणि आमच्या घरी श्रावणही सरला.

मशीन शेवटी आलं ते ऐन पितृपक्षात. साहेबांनी खोकं उघडू दिलं नाही. आमच्या घरी पितृपक्ष पाळत नाहीत, पण माझ्या घरच्या रीतीला तिथे कोण विचारतंय! पंधरवडाभर ते खोकं व्हरांड्यात पडून होतं आणि लोक त्यावर डबे ठेवून जेवत होते. घटस्थापनेला नारळ फुटला. मग स्टूल परत आलं, दोरा पुन्हा हलू लागला. कामं मी भराभर उरकली, पण दसरा गेला, दिवाळी गेली.

डिसेंबरात मुंबईहून डायरेक्टर येणार असं कळलं. दोरा तेव्हा पिवळ्या पट्टीच्या सुरुवातीला होता आणि कार्डांचे आकडे कॉम्प्युटरशी अजून जुळत नव्हते. स्टोअरकीपर निफाडकडचे, ते आधीच वैतागलेले. "म्याडम, दोन-दोन ठिकाणी लिव्हायचं म्हंजे लय झालं. माझ्यानं नाय व्हणार."

साहेबांना तेवढंच निमित्त हवं होतं. ते स्वतः स्टुलावर चढले आणि पिवळी पट्टी ओलांडून दोरा थेट दसऱ्यावर नेऊन ठेवला. "चला, न्हालं एकदाचं गंगेत घोडं!" नाशकात गंगेला तोटा नाही, घोडं मात्र अजून वाटेतच होतं. डायरेक्टर आले, चार्ट पाहिला, ठरल्या वेळी दसऱ्याला काम पुरं झालं म्हणून खूश झाले. साहेबांशी हात मिळवला. मला पेढा मिळाला. कार्डं रद्दीत गेली आणि महिन्याभरात स्टोअरमध्ये काय हाहाकार माजला ते मला बाहेरून कळलं, कारण तोवर मी तिथे नव्हते.

डायरेक्टर गेल्यावर मी साहेबांना विचारलं, "आता पर्मनंटचं?"

"प्रोजेक्ट दसऱ्याला संपला ना. तुझी जागा त्याच्यापुरतीच होती."

हातात अनुभवाचा दाखला दिला. त्यात माझी नोकरी गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत होती.

"साहेब, त्यानंतरचे महिने मी रोज येत होते."

"ते मला माहीत आहे गं. पण वेळेत संपलेल्या प्रोजेक्टवर माणूस एवढे दिवस काय करत होतं, म्हणून हेड ऑफिसनं विचारलं तर काय सांगू?"

त्या माणसाचा मला आजही संताप येतो. नोकरी गेली त्याहून जास्त त्या 'गं'चा.

बाबांनी क्वार्टरची किल्ली परत केली. सोसायटीतलं नाव काढून घेतलं आणि देवळाली गावात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही गेलो. सामान बांधताना आईनं जुनं कॅलेंडर रद्दीत टाकलं होतं, ते बाबांनी उचललं. दसऱ्यानंतरची पानं फाडून वेगळी केली आणि माझ्या दाखल्याला टाचणीनं जोडली. सरकारी माणूस, कागदाला कागद लावला की खरं ठरतं असं त्यांना वाटायचं.

"कुणी विचारलं तर दाखव," ते म्हणाले. "तू रोज गेलीस. मी रोज फुली मारली आहे."

पुढे मी पुष्कळ मुलाखती दिल्या. निघताना ती पानं काढून उशीखाली ठेवायचे आणि घरी आल्यावर, बाबा बघायच्या आत, परत टाचायचे.