झाड सोसतं, बी नाही

कॉलेजचा शिपाई केडगावला माझ्या दारात सायकल टेकवून नुसता उभा राहिला, तेव्हाच मी समजलो. वनस्पतिशास्त्र शिकवणारा माझा मित्र वामन काविळीने गेला होता. डॉक्टर म्हणाले, दूषित पाणी. शुद्ध पाणी कुठे होतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही...

बाहत्तरचा पावसाळा हा केवळ कॅलेंडरमुळे पावसाळा. वामनकडे अश्वगंधेचं पिशवीभर बी होतं, पाथर्डीकडच्या डोंगरातून सखूबाई नावाच्या म्हातारीने वेचून दिलेलं. दोन वर्षं तिथली झुडपं फळावर आली नव्हती, म्हणजे होतं ते एवढंच. त्यातले थोडे दाणे तो ओल्या टीपकागदावर मांडायचा, पाणी कमी कमी करत जायचा आणि कोंब कुठे थांबतो ते पाहायचा. "फुगलेलं बी मध्येच वाळलं की संपलं," तो म्हणायचा. मी इतिहास शिकवतो. मला ते राज्यांबद्दलही खरं वाटलं.

मग प्राचार्यांना पेरणी समारंभ सुचला. दुष्काळी कामावर, पाझर तलावाशेजारी. पाहुणे मोठे, मांडव त्याहून मोठा. लवकर उगवावं म्हणून बी आदल्या दिवशी भिजत घालायचं ठरलं.

"सर, जमिनीत ओल नाही," वामन म्हणाला.

"अहो, दुष्काळात टिकणारं झाड ना हे? तुम्हीच सांगता!"

"झाड सोसतं, सर. बी नाही."

"टँकर मागवू की," प्राचार्य म्हणाले आणि हारांच्या यादीकडे वळले.

त्याच कामावर खडी फोडणाऱ्या सखूबाईने वामनला बाजूला घेतलं. "मास्तर, समदं दिऊ नका. मूठभर घरी ठिवा. ह्यो मांडव उद्या उठंल." पण प्राचार्यांच्या हुकमात 'सर्व बियाणे' असं लिहिलेलं होतं, आणि लेखी शब्दाला फसवणं वामनला कधी जमलं नाही. त्याने पिशवी झटकून दिली.

टँकर एकदाच आला, पाहुण्यांच्या आधी, धूळ बसवायला. पुढे नुसतं ऊन... आठवड्याने वामन तिथे उकिडवा बसून काडीने माती उकरत होता. हाताला टरफलं लागत होती. "म्या म्हन्लं हुतं," सखूबाई एवढंच बोलली. "चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे," परतताना तो म्हणाला.

त्यानंतर दर रविवारी तो तिच्याबरोबर डोंगर पालथे घालू लागला, मिळेल त्या डबक्याचं पाणी पीत. "अश्वगंधा दुसरीकडेही मिळते," मी म्हणालो. "ही नाही मिळत." शेवटच्या फेरीत एका वाळक्या झुडपावर पाच-सहा फळं सापडली. घरी येताना तो तापही घेऊन आला.

तेराव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. खिडकीत एक बशी होती, आणि कमलवहिनी तिच्यावर बोटांनी पाणी शिंपडत होत्या, वाट्याला आलेल्या कळशीतलं. त्या पाच-सहा फळांतले दाणे टीपकागदावर काळे पडले होते. मी वाकून ते पाहू लागलो.

"दिसतंय मला, भावजी," त्याच म्हणाल्या. "पण ते म्हणाले होते, मी बरा होईपर्यंत पाणी घाल."

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला. वहिनींनी दुसरी, रिकामी कळशी काखेत घेतली आणि बशी माझ्या हातात दिली. "ऊन लागू देऊ नका."

मी ती छातीशी धरून खिडकीपासून दूर सरकलो.