काकांची काठी

चुलतभावाने त्याच्या वडिलांची वेताची काठी बैठकीत टांगली आहे. तेल पाजलेल्या वेताचा वास आला आणि सत्तरच्या दशकातलं सानगडीचं अंगण आठवलं.

काका म्हणजे गुरांचे थोर पारखी! बाजारात लोक त्यांना बैल दाखवायला न्यायचे आणि हे ऐटीत बैलाची पापणी वर करून बघायचे.

एका सकाळी घरचा कुत्रा कबऱ्या आधी खाटेला धडकला, मग घागरीला. "माजला साला, ढोंग करून राहिला," म्हणत काकांनी काठी उगारली. एरवी काठी दिसताच पळणारा कबऱ्या मालकाचा आवाज ऐकून शेपूट हलवत उभा राहिला. काठी बसली.

"अवो, त्याले दिसून नाही राहिलं!" काकू ओरडली.

पुढे काकूच थाळीवर पळी वाजवून त्याला पेजेपर्यंत आणायची. पारखी मात्र बाजारात सांगत, "म्या त डोये पायताच ओळखलं." मीही ते खरं मानून शाळेत मिरवलं.

आजही भाऊ पाहुण्यांना सांगतो, "बाबाची नजर लय तेज होती."

असेल बाप्पा. पण बैलांच्या पापण्या उचलणाऱ्या त्या हाताने कबऱ्याची पापणी कधी उचलली नाही. उचलली ती काठीच.