पांढऱ्या डुकरिणीचं पडसं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर, असं आई म्हणायची. भांडी आपटली की म्हणायची, नाही आपटली तरी म्हणायची. तिचं खरं होतं. त्या रागानं माझं काय काय नेलं, ते तिला पुरतं कधी कळलं नाही.

नव्वदनंतरची वर्षं. राहुरीच्या अलीकडे आमची वस्ती, आणि डुकरं पाळणं हा वस्तीचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा. गावाकडे आमच्यासाठी एकच शब्द होता, 'लांब'. नळावर लांब उभं राहा, हॉटेलात लांब बसा. एसटीत शेजारची जागा रिकामी असली तरी माणूस दांडी धरून उभाच राहायचा. मी नांदणं मोडून माहेरी आलेली. अशात सरकारी योजनेतून मला एक पांढरी विलायती डुकरीण मिळाली आणि मला वाटलं, चला, आता आपले दिवस पालटणार.

त्या थंडीत तालुक्याला जनावरांचं प्रदर्शन भरलं, तीन दिवसांचं. पहिल्यांदाच डुकरांनाही बोलावणं आलं. माझी धाकटी बहीण तेव्हा पहिल्या बाळंतपणाला कोपरगावहून आलेली होती, सातवा महिना. आई म्हणाली, "पोटुशीला कशाला गर्दीत नेतीस?" पण डुकरिणीला न्हाऊमाखू घालावं ते बहिणीनंच. तिच्या हाताखाली ते जनावर लेकरासारखं पडून राहायचं. मी हट्टच धरला, तेव्हा आई कंटाळून म्हणाली, "ने बाई, पण संभाळ."

प्रदर्शनात बैल पुढे, मग गाई, शेळ्या, कोंबड्या, आणि पार शेवटी, संडासाच्या कडेला, आमचा पत्रा. दहा-बारा डुकरं एकाच कुंपणात दाटीवाटीनं कोंबलेली. लोक यायचे, नाकाला रुमाल लावायचे, हसायचे आणि निघून जायचे. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी एक नर खोकायला लागला, अगदी माणसासारखा कोरडा खोकला. तिसऱ्या दिवशी सकाळी आमची डुकरीण उठेना. नाक गळत होतं, अंग तापलं होतं.

जनावरांचा डॉक्टर आला. तरुण, हडकुळा. कुंपणाच्या आत उतरून त्यानं तिचा ताप बघितला, सुई टोचली. मग माझ्या बहिणीच्या पोटाकडे त्याची नजर गेली.

"ताई, तुम्ही हिच्याजवळ बसू नका. डुकराचं पडसं माणसाला लागू शकतं. तुम्ही तर जरा लांबच राहा."

त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. "सायेब, आमी डुकरातच जन्मलो, डुकरातच वाढलो. आमाला कधी काय झालं न्हाई. लांब ऱ्हायचं ते तुमी ऱ्हावा!"

"तसं नाही हो," एवढंच तो म्हणाला. कोंबड्यांच्या मांडवातली माणसं फिदीफिदी हसली. तो खाली मान घालून गेला. तीन दिवसांत आमच्याकडे रुमालाशिवाय आलेला तो एकटाच माणूस होता, हे मला त्या वेळी दिसलं नाही.

बहीण अर्धी उठली होती. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. "बस गं. हलू नकोस. बघू दे सगळ्यांना."

"व्हय आक्का," म्हणाली आणि बसली. ऊन उतरेपर्यंत डुकरिणीचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं तिचं नाक पुसत बसली. मी शेजारी उभी, मोठी लढाई जिंकल्यासारखी.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बहिणीला ताप भरला. आईनं आल्याचा काढा दिला, पण दुसऱ्या दिवशी धाप लागली. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "घरात आणखी कोणी आजारी होतं का?" डुकरिणीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण डुकरं म्हटलं की हाही मागं सरेल, तिला हात लावणार नाही, या भीतीनं मी नाही म्हणून मान हलवली. तापात ती मला विचारायची, "आक्का, उठू का आता?" आधी पोटातलं लेकरू गेलं, मग ती गेली. कागदावर न्यूमोनिया लिहिलं. नेमकं काय झालं होतं ते कुणी तपासलं नाही, आणि मी तपासा म्हटलं नाही.

डुकरीण तोवर बरी होऊन भरडा खात होती. मी तिला काठीनं मारलं. ती ओरडली, आणि थोड्या वेळानं पुन्हा खायला लागली. मुक्या जीवावर हात टाकून काय मिळणार होतं?

बहिणीचे दिवस झाल्यावर आईनं मला विचारलं, "तिथं कुनी काय सांगितलं हुतं का गं? डाक्टर कायतरी बोलून गेला, असं वस्तीवरची बायामानसं म्हनत्यात."

"न्हाई," मी म्हणाले.

मग आईनं सगळा दोष स्वतःकडे घेतला. पोटुशी पोर मीच घराबाहेर पाठवली, माझीच अक्कल गहाण पडली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. पुढं दहा-बारा वर्षं जगली. मरेपर्यंत तेच म्हणत होती, आणि मी तिला म्हणू दिलं.