चमचा कोणता?

"एक चमचा म्हंजे? चमचा कोन्ता?"

औषधाची बाटली हातात घेतलेल्या प्रत्येक बाईला आमचे कंपाऊंडर हे विचारत. मग तिला घरचा चमचा आणायला लावत. सिरिंजने मोजून त्यात पाच मिली पाणी सोडत आणि पाणी पोचेल तिथे खिळ्याने रेघ मारत. कुणाचा चमचा तीन मिलीचा, कुणाचा बारा. ज्याच्यात पाच मावायचे नाहीत, त्याच्यावर अडीच मिलीला दोन रेघा मारत, म्हणजे दोनदा द्यायचं.

अशी चिकट माणसं तुम्हीही पाहिली असतील. रांग व्हरांड्याबाहेर जायची आणि हे चमचे कोरत बसायचे. भामरागडकडच्या त्या दवाखान्यात मी नर्स होते. मला त्यांचा राग यायचा.

एका पावसाळ्यात नदी चढली आणि डॉक्टर पलीकडे अडकले. दुपारी एक माडिया बाप कावडीतून पोरगी घेऊन आला. पाच वर्षांची. मेंदूत चढलेला मलेरिया, डोळे वर, मधूनच झटके. वजनकाटा गंजून बंद पडलेला. मी भिंतीवरच्या तक्त्यात वय पाहिलं, चौदा किलो धरलं आणि क्विनाइन सिरिंजमध्ये ओढलं.

कंपाऊंडरनी माझं मनगट धरलं.

"चौदा कोनाचे, सिस्टर?"

"तक्त्यातले."

"तक्त्याले ताप आला का?"

"भाऊ, पोरगी चालली इथं! अन् तुम्ही हिशेब करता?"

"पाच मिनिटं."

त्यांनी कावड व्हरांड्याच्या आढ्याला मधोमध टांगली. रिकामी कावड एका बाजूला झुकली, तर दुसऱ्या बाजूच्या टोपलीत खडा टाकून ती सरळ केली. मी पोरीची ओली गोधडी काढून तिला एका टोपलीत निजवलं. दुसऱ्या टोपलीत ते सलाईनच्या प्लास्टिक बाटल्या ठेवू लागले.

"अर्धा लिटर पानी म्हंजे अर्धा किलो. मोज."

दहा. बारा. पोरीला पुन्हा झटका आला, कावड हलली. बाप दोन्ही हातांनी खांब धरून उभा. पंधरा. अठराव्या बाटलीला कावडीचा बांबू सरळ आडवा झाला.

"नऊ. बाटल्याइचं वजन धरून साडेनऊ. किलोले दहा मिलिग्रॅम. पंचान्नव. तुही आम्पूल मिलीले तीनशेची. म्हंजे मिलीचा तिसरा हिस्सा. तू किती भरलं?"

जवळजवळ अर्धा मिली. मी दट्ट्या दाबला, जास्तीचं औषध फरशीवर पडलं.

"तीन थेंब," ते म्हणाले. बस, एवढंच.

त्या तीन थेंबांनी ती मेलीच असती असं मी म्हणणार नाही. पण साडेनऊ किलोच्या जिवाला दीडपट क्विनाइन टोचायला माझा हात निघाला होता, हे खरं.

सुई दिली, ग्लुकोज लावलं. नंतर वाट पाहण्याशिवाय काही नव्हतं. ते नाडी मोजत तिच्या उशाशी बसले. दिवेलागणीला ती पुटपुटली, "येर." माडियात पाणी.

मी पेला उचलला.

"चमच्यानं," ते म्हणाले. आणि मी चमचा घेतला तेव्हा त्यांनी तो निरखून पाहिलाच.

पुढे ते निवृत्त होऊन पोंभुर्ण्याला गेले. दोन वर्षांनी वारल्याचं कळलं. मी गेले नाही, लसीकरण होतं.

बऱ्याच वर्षांनी पोलिओच्या फेरीत त्या पोरीच्या गावी गेले. तीच पोर आता आठवी-नववीतली, धाकट्या भावाला खोकल्याचं औषध पाजत होती. चमचा डोळ्यांसमोर धरून हळूहळू ओतत होती. काठापर्यंत बरीच जागा होती.

"भर ना," मी मुद्दाम म्हटलं.

"नाई बाई," ती म्हणाली आणि नखाने चमच्यातली रेघ दाखवली. "इथवरच."