तिच्या नावावर नोंदलेला बदल

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विचारलंच तर "तिच्याकडून चूक झाली, तिला जावं लागलं" एवढं बोलून विषय बदलायचो. बायकोला अजूनही तेवढंच ठाऊक आहे.

अंधेरीच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी निवृत्त होईपर्यंत होतो. शेवटी शेवटी सहा जण माझ्या हाताखाली होते. त्यांतली ती एक, मानखुर्दहून येणारी. उपनगरांतल्या काही दवाखान्यांचं काम आमच्याकडे आलं होतं. तिथल्या काउंटरवर पेशंटची नोंद झाली की ती आमच्या सर्व्हरकडे यायची. आलेली माहिती कशी असली पाहिजे, कोणती आत घ्यायची, कोणती परत पाठवायची, हे ठरवणारा भाग तिनं लिहिला होता.

जन्मतारखेशेजारी तिनं आणखी एक रकाना ठेवला होता : तारीख पक्की की अंदाजे. तो रिकामा आला की नोंद परत जायची.

"अगं, तारीख ती तारीख. तिच्यात पक्की-कच्ची काय?" मी विचारलं.

"सर, माझ्या आईचा वाढदिवस एक जून, मावशीचा एक जून, समोरच्या दोन्ही काकूंचाही एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलंय."

"माझाही एक जूनच आहे."

"मग झालं तर! एकच केक आणू, सगळ्यांत वाटू."

तिचं म्हणणं साधं होतं. पूर्ण नाव आणि जन्मतारीख जुळली की आमची यंत्रणा दोन नोंदी एकाच माणसाच्या समजून जोडून टाकायची. तारीख अंदाजे असेल तर तसं करू नये, काउंटरवर विचारून खात्री करावी.

दवाखान्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये हा रकानाच नव्हता. पहिल्याच सकाळी सगळ्या नोंदी परत जायला लागल्या. आमच्या कंपनीचे मालक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "परत काय पाठवताय? तिकडे लोक ताटकळलेत. काहीही करा, आत घ्या." ते गेल्यावर मी तिला म्हणालो, रकाना आला नाही तर तारीख पक्की धर.

"उलटं करू ना सर. नाही आला तर अंदाजे धरू."

"मग काउंटरवर प्रत्येकाला अडवून विचारत बसावं लागेल. साहेब ऐकणार नाहीत."

"मग तसा मेल टाका मला, तुम्ही सांगितलंय म्हणून."

"मेल कशाला गं? मी आहे ना."

तिनं तो बदल केला.

चार-पाच महिन्यांनी गोवंडीच्या दोन बायकांच्या नोंदी एक झाल्या. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, साल तेच आणि अर्थात एक जून. एकीच्या साखरेचा रिपोर्ट बघून दुसरीच्या गोळ्या वाढवल्या गेल्या. ती बाई घरात कोसळली. वाचली, पण आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होती.

मालकांनी मीटिंग बोलावली. "तारीख पक्की धरायची हे कोणी ठरवलं?" माझ्या टेबलाशी आपण कधी उभेच राहिलो नव्हतो, असा त्यांचा चेहरा होता. पडद्यावर बदलांची यादी उघडली. त्या ओळीपुढे तिचं नाव होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. घाबरलेली नव्हती. मी आता बोलेन, याची वाट बघत होती फक्त.

माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. मी म्हणालो, "बदल तिनं केलाय."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढे किती वर्षं मी त्याच्याच आडोशाला राहिलो.

"हो, मीच केलाय," ती म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला. बाहेर पडताना माझ्या खुर्चीपाशी थांबून हळूच म्हणाली, "तुम्ही होतात ना, सर?" त्याच आठवड्यात तिला राजीनामा द्यायला लावला. मी माझ्या केबिनचं दार लावून बसलो होतो.

मालकांनी मला फसवलं, असं मी स्वतःला समजावत आलो. फसवलंही असेल. पण तिनं त्यांच्या शब्दावर काही केलं नव्हतं, माझ्या शब्दावर केलं होतं.

गेल्या वर्षी मुलुंडला डोळे तपासायला गेलो, तर ती आईला घेऊन आली होती. कानशिलाजवळ केस पिकले होते. तिनंच विचारलं, "बरे आहात ना, सर?" आवाज चांगला होता, अनोळखी माणसाशी बोलताना असतो तसा.

"बरा आहे. तू?"

"मजेत." मग आईकडे वळून म्हणाली, "आई, आमच्या जुन्या ऑफिसातले." ‘आमचे सर’ म्हणाली नाही. त्या माउलीनं हात जोडले. मीही जोडले.

डोळ्यांत ड्रॉप घालायला मला आत बोलावेपर्यंत आम्ही दहा मिनिटं शेजारी बसलो होतो. बोलायचं होतं ते एवढंच होतं : तो बदल मी करायला लावला. तू नको म्हणत होतीस. मेल मागितलास, तो मी दिला नाही, आणि त्या खोलीत तुझं नाव पुढे केलं. माझं चुकलं, पोरी. मला माफ कर.

मी विचारलं, "आईंना मोतीबिंदू आहे का?"