ट्यूबची कडी

नाझनीनचा, म्हणजे रशीदभाईंच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गाला नकाशा भरायला देऊन खिडकीशी उभा होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. दिग्रसच्या दुकानात, पंक्चर काढताना. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरून बुडबुडे कुठून येतात ते बघत होते आणि तसेच बाजूला कलंडले... हात पाण्यात असताना गेले, हे ऐकून दुःखातही वाटलं, त्यांनी निवडलं असतं तर असंच निवडलं असतं.

गावातल्या सात-आठ जणांचं आमचं पाणबुड्यांचं पथक. धरणात कुणाची पाणी उपसायची मोटर बुडाली, कुणी माणूस सापडेना, की आम्हाला बोलावणं यायचं. पाणी गढूळ, हातभर अंतरावरचं दिसत नाही. तळाशी बुडालेल्या बाभळी आणि त्यांत अडकून राहिलेली मासेमारीची जुनी जाळी. पाठीवरच्या टाकीत हवा किती उरली हे सांगणारं मीटर एका लांब नळीच्या टोकाला असतं, आणि जोडीदाराला हवा द्यायची नळी वेगळी. मोकळ्या सोडल्या की दोन्ही शेपटासारख्या मागे ओढल्या जातात. रशीदभाई जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंदीच्या कड्या कापायचे आणि पट्ट्यात ओवून नळ्या छातीशी बसवायचे. कडी घट्ट असते, पण वेळेला हिसका दिला तर मीटर हातात येतं. उतरण्याआधी प्रत्येकाच्या नळ्यांखालून ते स्वतः बोट फिरवत. "मास्तर, बैलाच्या गळ्यात घुंगरू शोभते, तुमच्या नाही. लटकते ते अटकते!" हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की ते बोट पुढे करायचे आणि आम्हीच वाक्य पुरं करायचो.

आता जे लिहायचं ते नऊ वर्षं लिहिलेलं नाही. तेव्हा मला नुकती चाळिशी लागली होती. छातीशी बसवलेल्या मीटरवरचे आकडे नुसते धुरकट ठिपके दिसायचे. ते सांगितलं असतं तर पथकानं मला काठावर बसवलं असतं, या भीतीनं मी गप्प राहिलो. पाण्याखाली गेलो की कडीतून मीटर काढायचं, हात लांब करून वाचायचं आणि तसंच सोडून द्यायचं, ही माझी सवय झाली. त्या दिवशी एक बुडालेली मोटर शोधत होतो. मोकळं मीटर मागे जाऊन जाळ्यात अडकलं. मी ओढलं, जाळं आणखी आवळलं. कमरेच्या दोराला हिसके देत राहिलो. दोराचं वरचं टोक रशीदभाईंच्या हातात होतं. खाली येताना थोडं थांबून कानातला दाब मोकळा करावा लागतो. ते थांबलेच नाहीत. त्यांचा हात आधी माझ्या हातावर आला: ओढू नको. मग खांद्यापासून नळी चाचपत ते मीटरपर्यंत गेले आणि चाकूनं जाळं कापलं.

काठावर पथकप्रमुखांनी विचारलं, "मीटर मोकळं कसं? तपासणी कोणाची होती?" रशीदभाईंच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. ते म्हणाले, "माही. मी पाह्यलं नाही बरोबर." त्यांनी पाहिलं होतं. कडी त्यांच्याच बोटांनी बसवली होती. मी समोर उभा होतो, आणि बोललो नाही.

त्यांचा तो कान गेला. पाण्यात उतरणं बंद झालं आणि तपासणीचं कामही काढून घेतलं गेलं. पंधरा दिवसांनी पट्टी बदलायला म्हणून त्यांनी माझा पाण्यातला चष्मा नेला. परत आला तेव्हा आत, खालच्या कोपऱ्यात, नखाएवढं भिंग चिकटवलेलं होतं. "आता कडी काढा लागनार नाही," म्हणाले आणि कामाला लागले. आणि मी, वर्गात तासभर न थांबता बोलणारा मास्तर, म्हणालो, "चहा सांगतो."

तरीही पुढची वर्षं चांगली गेली, हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरं आहे. शाळा सुटली की मी दुकानातल्या स्टुलावर त्यांच्या उजव्या बाजूला बसायचो. "शिव्या द्याच्या असन त डाव्या बाजूनं द्या, मास्तर. मले बी त्रास नाही, तुमालेबी नाही." एकदा मी खरंच डावीकडे जाऊन बसलो आणि पुटपुटलो, "कडी मी काढली होती." ते नट आवळत राहिले. मी उठून घरी गेलो.

रशीदभाईंच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांच्या बायकोला, भाभींना, सगळं सांगितलं. या खेपेला मोठ्यानं. त्या ओढणीत हसल्या.

"एकदा सांगतलं न तुम्ही. दुकानात."

"त्यांना ऐकू गेलं?"

"ऐकू कायचं जाते! समोर दुरुस्तीची गाडी होती, तिच्या आरशात तुमचं तोंड हालतानी दिसलं. घरी येऊन लय हासले."

"मग बोलले काहून नाही मले?" नकळत मीही त्यांच्याच बोलीत आलो.

"मी बी तेच इचारलं. म्हने, वढलं त गाठ आवळते. मास्तर सोडवतीन आपल्या हातानं."

गेल्या रविवारी धरणाच्या काठावर पथकाला सांगितलं. पथकप्रमुखांनी रशीदभाईंचा कड्यांचा डबा माझ्या हातात दिला नाही, नाझनीनच्या दिला. ती या वर्षीच पथकात आली आहे. तिनं एक कडी काढली, माझ्या पट्ट्यात ओवली, मीटर बसवलं आणि नळीखालून बोट फिरवलं. वडिलांसारखंच, दोनदा. "लटकते ते..." ती म्हणाली आणि थांबली.

वाक्य मी पुरं केलं. खाली गेल्यावर मान वाकवली. भिंगातून आकडा स्वच्छ दिसत होता, आणि कडी जागेवर होती.