काकूंच्या जमिनीखालचा गॅस

ते प्रकरण आठवलं की आजही मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालू लागतो. आरोपीला शिक्षा झाली, तपासाबद्दल वरिष्ठांनी पाठही थोपटली. तरीही चैन पडत नाही.

मी तेव्हा कोलकात्याच्या बेहाला भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. तिथल्या आम्हा मूठभर मराठी कुटुंबांची एक खोड आहे. कायद्याचं काही अडलं की वकील गाठायचा नाही, वर्दीतला आपला माणूस गाठायचा. एक काकू अशाच ठाण्यात आल्या. यजमान गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त होऊन वारलेले, मूलबाळ नाही. बेहालाच्या टोकाला तळ्याकाठचं घर, एवढंच त्यांचं होतं.

"अरे, आमच्या जमिनीखाली गॅस आहे म्हणतात. तो माझाच ना? तू पोलिसात आहेस, तुला ठाऊक असणार."

मी मोर्चाच्या बंदोबस्ताला निघालो होतो. "जमीन तुमची, तर खालचंही तुमचंच, काकू," असं ठोकून दिलं आणि जीपमध्ये बसलो.

पंधरा दिवसांनी निबंधक कचेरीबाहेर दस्त लिहून देणारा एक मुहुरी ठाण्यात आला. चहा सांगितला तरी बसेना. एक दलाल तळ्यातले बुडबुडे दाखवून, गॅसचं नाव सांगून एकेकट्या म्हाताऱ्यांची घरं लिहून घेतोय, असं म्हणाला. "शेवटची बाई तुमच्यातलीच आहे, सर. मराठी."

काकूंना बोलावून घेतलं. त्यांनी सही केली होती. चाळीस वर्षं बंगाली बोलल्या, पण लिपी कधी शिकल्या नाहीत. दलालाने कागद हिंदीत 'वाचून' दाखवला होता. त्या रात्री मी कायदा उघडला. आपल्याकडे जमिनीखालचं तेल आणि वायू सरकारचे. मालकाला फार तर वरची जमीन वापरल्याची भरपाई मिळते. जे काकूंचं नव्हतंच, ते विकायला त्या बसल्या होत्या, आणि जे होतं ते हातातून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी फिर्याद नोंदवून दलालाला उचललं. गडी शांत होता. सराईत माणूस आधी हातपाय नीट ठेवून बसतो, तसा बसला.

"मी फक्त खालचा गॅस घेतलाय, सर. वरचं सगळं मासीमांचंच आहे."

तासभर तेच. मी खरेदीखताची शेवटची पानं उलटली. चतुःसीमा, एक तळं, एक स्वयंपाकघर आणि सात नारळ.

"गॅस खाली आहे ना? मग नारळ कशाला मोजलेस?"

त्याने पाणी मागितलं. नंतर सगळं बाहेर आलं. गॅस वगैरे काही नव्हतं, तिथे इमारत उठवायची होती. पुढे दिवाणी न्यायालयाने खत रद्द केलं आणि काकू आपल्या घरात राहिल्या.

या प्रकरणातून काय शिकलो? माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' म्हणायला. वर्दीतल्या माणसाला ते फार जड जातं. पण मला अस्वस्थ करतं ते वेगळंच आहे.

फिर्याद सांगताना काकू म्हणाल्या होत्या, "आधी तुला विचारलं होतं, तू हो म्हणालास, म्हणून सही केली, हेही लिही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. घडलं तसं सांगत होत्या. फिर्याद बंगालीत होती. मी लिहिलं, 'एका परिचिताच्या सांगण्यावरून.'

"वाचून दाखव रे, मला वाचता येत नाही."

मी मराठीत वाचून दाखवली. त्यांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं वाचलं. कागदावर ते नव्हतं.

"बरोबर," म्हणाल्या, आणि मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.